धुरी दिलेले बूट

आमच्या घाटकोपरच्या खोलीला दोन वास होते. एक आईच्या सुकटीच्या डब्याचा आणि दुसरा नंदूदादाच्या बुटांचा. सुकटीचा डबा झाकण लावलं की गप्प बसायचा. बुटांना झाकण नव्हतं. दादा पहाटे धावून यायचा, बूट काढून खाटेखाली सरकवायचा आणि मोरीत शिरायचा, की इकडे आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. "रे नंदू, ते बूट भायर ठेव मरे! माका घास गिळवत नाय." बाहेर ठेवायची सोय नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. चाळीच्या गॅलरीतून एकदा चपला आणि एकदा चक्क पाण्याची कळशी गेली होती, आणि दादाच्या त्या बुटांची गोष्ट चपलांसारखी नव्हती. त्यामुळे आई बोलायची, बाबा वर्तमानपत्राआडून "असूंदे गो, धावता पोरगो," म्हणायचे, आणि डोक्यावरून एखादं विमान सांताक्रूझकडे उतरत निघालं की तेवढा वेळ सगळेच गप्प बसायचे. विमान गेलं की आई सोडलेल्या शब्दापासून पुढे चालू.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. औषधांच्या एका एजन्सीत खोकी पोचवायचं काम करायचा, आणि त्या कामाच्या आधी आणि नंतर धावायचा. पाच हजार मीटर ही त्याची शर्यत. मैदानावरचे त्याचे सर म्हणायचे की या पोराला फार वेग नाही, पण हा थांबत नाही. एका सरकारी कंपनीत खेळाडूंसाठी जागा निघत असत. चाचणीत पहिल्या चारांत आलं की कायमची नोकरी. 'कायमची' हा शब्द आमच्या घरी हळू आवाजात उच्चारला जायचा. बाबांची गिरणी गेल्यापासून ते विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर उभे राहत, तेही दर सहा महिन्यांनी नव्याने विचारणा करून. दादाला ती नोकरी लागली असती तर घर मार्गी लागलं असतं, इतकं साधं गणित होतं. आणि खरं सांगायचं तर नोकरी नसती तरीही तो धावलाच असता. धावून आल्यावर त्याचा चेहरा जसा व्हायचा तसा तो एरवी कधी होत नसे.

ते बूट सरांनी दिले होते. त्यांच्या एका जुन्या खेळाडूने परदेशातून आणलेले, थोडे वापरलेले, दादाला अर्धा नंबर मोठे. बाकीची मुलं कॅनव्हासचे बूट घालून धावायची. दादाचे बूट वजनाला हलके, तळाला जाड मऊ फोमचा सोल, तो नुसता चिकटवलेला, टाका कुठेच नाही. जोड एकच. तो धुण्याचं काम माझ्याकडे होतं. कोणी लादलं नव्हतं, मीच घेतलं होतं, कारण मला ते छान यायचं आणि दादा त्यासाठी माझं कौतुक करायचा. आधी नाड्या काढून वेगळ्या भिजत घालायच्या. आतले सुटे तळवे ओढून काढायचे, कारण खरा वास तिथे असतो. मग रिठ्याचं गार पाणी आणि जुना टूथब्रश. बूट बादलीत बुडवायचा नाही, ब्रश बुडवायचा. ओल्या फडक्याने पुसून काढायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. सुकल्यावर आत खाण्याचा सोडा भुरभुरायचा, नाहीतर वाळवलेल्या चहापत्तीची पुरचुंडी ठेवायची आणि सकाळी सगळं झटकून टाकायचं. आणि सावलीत वाळवायचं. दादाने मला हे शंभरदा सांगितलं असेल, "सुलू, उन्हात नाही, स्टोव्हजवळ नाही, गरम पाणी तर अजिबात नाही. गोंद सुटला की वाट लागली."

हल्ली मुलुंडला आमच्या इमारतीखाली बूट धुऊन देणारं दुकान निघालंय. मशीन आहे, फवारे आहेत, पावती देतात. मी त्या दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जाते. गुडघे दुखतात तरी रस्ता ओलांडते.

मी वीस पूर्ण केली आणि माझं बघायला सुरुवात झाली. पहिली दोन स्थळं पत्रिकेतच गळाली. तिसरं मुलुंडचं, मुलगा बँकेत, आई आणि मामा एवढंच माणूसबळ. ते रविवारी दुपारी चार वाजता येतो म्हणाले. नेमकी सोमवारी सकाळी अंधेरीच्या मैदानावर दादाची चाचणी. श्रावण चालू होता, आणि त्या वर्षी आठवडाभर अशी रिपरिप लागली होती की दांडीवरचे कपडे चार-चार दिवस दमट. त्या रविवारी सकाळी दादा पाय मोकळे करायला म्हणून हलकंसं धावून आला तो बूट चिंब करून. आणि वास? एरवीचा वास आम्हाला सवयीचा होता. हा निराळा होता. आठवडाभराचा घाम, चिखल आणि कोंदट हवा यांनी मिळून काहीतरी नवंच शिजवलं होतं.

"आज धुऊ नकोस हां," दादा डोकं पुसत म्हणाला. "नुसते कागद भर. जेवढे सुकतील तेवढे सुकू देत. ओले तर ओले, मी धावेन." मग कुळथाची पिठी-भात जेवून तो सरांकडे कागदपत्रं आणायला निघून गेला. दारातून मागे वळून म्हणाला, "आणि लाजू नकोस पाहुण्यांसमोर. एरवी तोंड बंद नसतं तुझं." मी त्याला उलथनं दाखवलं.

तो गेला आणि आईने खोलीच्या मधोमध उभं राहून नाक वर केलं. घरात सगळी तयारी होती. खाटेवर धुतलेली चादर, शेजारच्या मालतीकाकूंच्या चार कपबश्या, रवा भाजून ठेवलेला, पोहे निवडून ठेवलेले. आणि या सगळ्यावर तो वास. "सुलू, पावणे येतले आणि ह्यो वास!" आईच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "माणसां म्हणतली, ह्यांच्या घरात उंदीर मेलो. कायतरी कर गो, पण ह्यो घालव." मी बूट कागदात गुंडाळून मालतीकाकूंकडे घेऊन गेले. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली. काकूंनी दारातच अडवलं. "सुलू, आत बाळ आहे बारा दिवसांचं. हे असलं काही आत आणू नकोस, बाई." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बाळाची धुरी झालीय. शेगडीत निखारे आहेत अजून. हवी तर शेगडी घेऊन जा."

धुरी आता कुणाच्या घरी दिसत नाही, म्हणून सांगते. बाळाला आंघोळ घातली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, ऊद टाकून त्याला शेक-धुरी द्यायची. पावसाळ्यात तीच शेगडी पुढे दिवसभर कामाला यायची. तिच्यावर वेताची टोपली पालथी घालून टोपलीवर बाळाची लंगोटं आणि दुपटी पसरायची. दोन तासांत कोरडी खडखडीत, वर वास असा की नाक खुपसून बसावं. आमच्या कोकणातल्या घरांत श्रावण असाच निघायचा. मीसुद्धा त्याच टोपलीवरच्या दुपट्यांत वाढलेली. बाळाच्या कातडीला जे चालतं ते बुटांना का चालणार नाही, असं माझ्या मनात आलं. दादाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण स्टोव्ह वेगळा आणि शेगडी वेगळी, निखाऱ्यांवर राख आहे, मधे टोपली आहे, असं मी स्वतःला पटवून दिलं. माणसाला जे करायचंच असतं त्याला कारणं कमी पडत नाहीत.

आधी मी ते धुतले. गार पाण्याने वास हलेना, म्हणून पातेलंभर पाणी उकळून त्यात धुण्याचा सोडा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मी ते बूट बुडवले. पाणी चहासारखं झालं. दुसरं पाणी, तिसरं पाणी. खाली पांढरा रंग निघाला, जो मी कधी पाहिलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून दाखवला. मग शेगडीवर टोपली, टोपलीवर बूट, निखाऱ्यांवर मूठभर ऊद. आई पोह्यांचा कांदा चिरत होती आणि मी वेणी घालत होते, आणि खोली उदाच्या धुराने भरत चालली होती. तीनच्या सुमाराला मी बूट उचलले. हलके, कोरडे, देवळातून आणल्यासारखे. उजव्या बुटाच्या पुढच्या टोकाला सोल नखभर उचलला गेला होता. मी तो अंगठ्याने दाबला. गोंद गरम होता, तो चिकटला. मी चारी बाजूंनी दाबून पाहिलं. चिकटलाय, म्हटलं. बूट फळीवर ठेवले आणि साडी नेसायला घेतली.

पाहुणे आले. मुलगा बोलायला बरा होता, माझ्याकडे बघण्यापेक्षा पोह्यांकडे जास्त बघत होता, आणि मला ते आवडलं. त्याची आई दारातून आत येताच म्हणाली, "अगंबाई, काय प्रसन्न वास येतोय! ऊद घालता का रोज?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुलूचंच काम ते. तिला घर असं लागतं." मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं लाजले.

त्या बाई खोबरं कसं खवता वगैरे विचारत होत्या तेवढ्यात दादा आला. नमस्कार-चमत्कार झाले आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने तो पडद्यामागे ओट्याशी आला. मी तिथे कपबश्या विसळत उभी होते. "बूट?" त्याने हळूच विचारलं. मी फळीकडे बोट केलं. त्याने एक बूट उचलला, आत नाक घातलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "आयला, देवघरात ठेवले होतेस काय? झकास वास येतोय!" मग त्याने बूट उजेडाकडे धरला. "पूर्ण सुकलेत की. या हवेत कसे सुकवलेस गं?"

पडद्याच्या पलीकडे, चार हातांवर, त्या बाई माझ्या आईला विचारत होत्या, मुलीचा स्वभाव कसा आहे. मी म्हटलं, "गॅलरीत ठेवले होते. वारा होता आज."

"थँक्यू यार, सुलू," दादा म्हणाला आणि माझ्या नव्याने घातलेल्या वेणीवर टपली मारली.

पाहुणे गेल्यावर अख्खी संध्याकाळ पडली होती. सहा वाजले होते. स्टेशनजवळ चांभार बसायचा, जाड दोऱ्याचे चार टाके त्याने पाच मिनिटांत घातले असते. सरांच्या दुसऱ्या कुणा पोराचे बूट मागता आले असते. एक वाक्य बोलायचं होतं. दादा रागावला असता, फार तर ओरडला असता. पण त्या दिवशी घरात सगळे खूश होते. आई ओट्याशी गुणगुणत होती, बाबांनी दुसरा चहा मागितला होता आणि मी पहिल्यांदाच एखाद्या माणसाला आवडले असण्याची शक्यता होती. मी बूट पुन्हा एकदा हातात घेतले. गार झाले होते, सोल घट्ट वाटला. मी ते दारापाशी जोडीने ठेवले, नाड्या ओवून.

दुसऱ्या दिवशी दादा दीडच्या सुमाराला घरी आला. जिन्यावर त्याचं पाऊल वेगळं वाजलं, म्हणून आई आधीच दारात गेली. त्याच्या पायात रबरी स्लिपर होत्या, उजव्या पायाला रुमाल बांधलेला आणि रुमालाला रक्त लागलेलं. तो खाटेवर बसला. बाबांची दुपारची पाळी होती, ते निघता निघता थांबले. दादाने सांगितलं ते असं, अगदी शांतपणे. साडेबारांतल्या सात फेऱ्या तो तिसरा होता. आठव्या फेरीच्या वळणावर उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. त्याने अर्धी फेरी तसाच काढली, मग बूट पायातून झटकून टाकला आणि एका पायाने अनवाणी धावला. मैदानावर खडी होती. थांबला नाही. सहावा आला.

"बूट जुने झाले होते रे," बाबा म्हणाले.

"जुने होते म्हणूनच बघायला पाहिजे होते ना मी." दादा रुमालाकडे बघत होता. "सर म्हणाले, ज्याला स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत त्याने मैदानावर येऊ नये. बरोबर आहे त्यांचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी माणूस सोल वाकवून बघतो. मी वास घेत बसलो." आणि तो हसला, माझ्याकडे बघून.

मी चहा ठेवत होते. मी चहाच ठेवत राहिले.

त्याच संध्याकाळी खालच्या दुकानात मुलुंडहून फोन आला की मुलगी पसंत आहे. आईच्या एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू. दादा लंगडत जाऊन पेढे घेऊन आला. चाळभर त्यानेच वाटले. मालतीकाकूंनी माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाल्या, "बघ, शेगडी लाभली तुला." दादा जिन्याकडे होता, त्याने ऐकलं नाही. मी तो पेढा कसा गिळला ते मला अजून माहीत आहे.

आमच्या घरचा पहाटेचा गजर त्यानंतर वाजला नाही. सरांनी दोनदा निरोप पाठवला. चिडून बोललो, म्हणाले, मनावर घेऊ नकोस, हिवाळ्यात दुसऱ्या एका कंपनीची चाचणी आहे, वय बसतंय, ये. बाबांनी समजावलं, आईने तर हात जोडले. दादाचं एकच पालुपद, "माझ्यात ते नाही. ज्याचं लक्ष नाही त्याने कशाला धावायचं?" तो चिडचिड करत नसे. तो स्वतःवर खटला चालवून, शिक्षा सुनावून मोकळा झाला होता. आईने शेगडी पाहिली होती, पण उष्णतेने गोंद सुटतो हे तिच्या गावीही नव्हतं. आणि निकाल फिरवणारा एकमेव साक्षीदार पडद्यामागे बसून आपल्या लग्नाच्या ब्लाउजला हुक लावत होता.

मी सांगणार होते. हे मी पुष्कळदा म्हटलंय, आणि ते खरंही आहे. आधी वाटलं, लग्न पार पडू दे, उगाच मुलुंडपर्यंत बोभाटा नको. मग नवीन घर, मग अनिकेतचा जन्म. मग आई गेली तेव्हा वाटलं, आता सांगावं, पण तेव्हा दादाने मला धरून ठेवलं होतं, आणि जो धरून ठेवतो त्याला काय सांगायचं? वर्षं जातात तशी गोष्ट लहान होत जाईल अशी माझी समजूत होती. दादा एजन्सीतच राहिला. खोकी पोचवता पोचवता पुढे गोदामाच्या हिशेबावर बसला, तिथूनच घरी बसला. संसार झाला, मुलगी शिकली. वाईट काही झालं नाही, असं बाहेरचा माणूस म्हणेल. मीही पस्तीस-चाळीस वर्षं स्वतःला हेच सांगत आले.

गेल्या भाऊबीजेला तो आमच्याकडे जेवायला आला होता. माझा अनिकेत आता रविवारी कुठल्या कुठल्या दौडींना जातो. त्याने नवे बूट आणले होते, ते मामाला दाखवायला घेऊन बसला. दादाने बूट हातात घेतला, सोल दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, कडेने अंगठा फिरवला. अनिकेत म्हणाला, "मामा, आई सांगते तुम्ही जबरी धावायचात. मग सोडलंत का?" आणि दादाने तीच गोष्ट सांगितली जी तो नेहमी सांगतो, तेच शांत शब्द. "मी बूट बघितले नाहीत. माझी चूक. पोरा, तू बघत जा."

मी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "दादा, जरा बाल्कनीत ये."

बाल्कनीत मी त्याला सगळं सांगितलं. उकळतं पाणी, सोडा, मालतीकाकूंची शेगडी, टोपली. सोल उचलला होता आणि मी दाबला होता, हेसुद्धा. वारा नव्हता, हेसुद्धा. बोलताना मी रडेन असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. खाली मुलं फटाके लावत होती, दादाने एक फटाका वाजून जाऊ दिला.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"नाही. तू विचारलं होतंस मला."

"हो. विचारलं होतं." त्याने कठड्यावर हात ठेवले. त्याचे हात म्हातारे झालेत, ते मी त्या दिवशी पाहिलं. "नोकरीचं जाऊ दे गं. नोकऱ्या काय, लागतात, नाही लागत. पण त्या आठवड्यात बोलली असतीस ना, सुलू, तर मी धावणं सोडलं नसतं."

तो रागाने बोलला नाही. राग असता तर बरं झालं असतं. आतून अनिकेत हाक मारत होता, की मामा, बासुंदी वाढलीय. दादा आत गेला आणि पानावर बसला. मीही आत आले, वाढायला घेतलं. मला माफ केलंस का, असं मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. त्याला मी लहानपणापासून ओळखते. आणि तेवढं तरी त्याच्याकडून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.